यंत्र गुण देईल. उत्तर कोण वाचणार?

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली आणि महाराष्ट्रात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा निघाली. त्या दिवसांत शिक्षकांनी निरुपायाने जी साधने हाती घेतली, त्यांपैकी बरीचशी शाळा पुन्हा उघडल्यावर मागे पडली. मोबाईलवरची चाचणी मात्र टिकून राहिली. शिक्षक गूगल फॉर्मवर दहापंधरा प्रश्न तयार करतो, त्याची लिंक पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो, मुले पर्यायावर बोट टेकवतात आणि तपासलेली उत्तरे गुणांसकट तक्त्यात येऊन पडतात. आज हा प्रकार जिल्हा परिषदेच्या शाळेत आढळतो, तसाच शहरातील महागड्या शाळेतही आढळतो.

याविषयी आपल्या कार्यकर्त्यांत दोन प्रकारची मते ऐकू येतात. काहींना यात शिक्षणक्रांतीची चाहूल लागते. खेड्यातील शाळाही आता जगाच्या बरोबरीने चालू लागली, असे त्यांना वाटते. इतरांना हे परदेशी कंपन्यांचे खूळ वाटते आणि खडू-फळ्याची शाळाच खरी, असे म्हणून ते विषय संपवतात. दोघांचीही नजर यंत्रावर खिळलेली आहे. वस्तुतः विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे. मुलाने दिलेले उत्तर शेवटी कोणाच्या उपयोगी पडते? ते शिक्षकामार्फत परत त्या मुलाकडे येते, की कचेरीच्या तक्त्यात आणि कंपनीच्या कोठारात जाऊन विसावते? या साधनाचे बरेवाईटपण या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरणार आहे.

साधनाचा खरा गुण

प्रथम या साधनाच्या पदरात त्याचे श्रेय टाकले पाहिजे. माध्यमिक शाळेतील गणिताच्या शिक्षकाकडे पन्नास-पन्नास मुलांच्या तीन तुकड्या असणे ही नेहमीची गोष्ट आहे. छोट्याशा चाचणीचा एक कागद तपासायला तीन मिनिटे धरली, तरी दीडशे कागदांना साडेसात तास लागतात. म्हणजे शाळा सुटल्यावरच्या चार संध्याकाळी गेल्या. निकाल हाती येईपर्यंत वर्ग पुढच्या धड्यावर पोचलेला असतो आणि चाचणीतून कळलेल्या चुका दुरुस्त करण्याची वेळ टळून गेलेली असते. यंत्र हेच काम क्षणात करते. कोणता प्रश्न किती मुलांचा चुकला आणि कोणत्या चुकीच्या पर्यायाकडे मुले वळली, हे ते आलेखाने दाखवते.

यातील दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोलाची आहे. दशांश अपूर्णांकांचे उदाहरण घेऊ. ०.४ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती, असे विचारले की अनेक मुले ०.३५ हे उत्तर देतात. पस्तीस हे चारापेक्षा मोठे, असा त्यांचा हिशोब असतो. ही चूक निष्काळजीपणाची म्हणता येत नाही. पूर्ण संख्यांचा नियम मुलाने दशांशांना लावलेला असतो. म्हणजे त्या चुकीमागे एक विचार असतो. शिक्षकाने असा पर्याय जाणीवपूर्वक प्रश्नात ठेवला आणि रात्री आलेखात वर्गातील वीस मुले त्याच पर्यायावर दिसली, तर उद्या सकाळी फळ्यावर काय घ्यायचे हे त्याला कळते. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पाच मिनिटांत पन्नास प्रश्न तयार करून मिळतात; परंतु आपल्या वर्गातील मुले नेमकी कोठे अडखळतात, हे त्या वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकालाच ठाऊक असते. म्हणून प्रश्न रचण्याचे काम त्याने हातचे सोडता कामा नये.

कायद्याचीही अपेक्षा याहून निराळी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे २९ वे कलम मुलाचे आकलन आणि ते आकलन वापरण्याची त्याची क्षमता यांचे सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन सांगते. त्यानुसार महाराष्ट्राने ऑगस्ट २०१० मध्ये आकारिक आणि संकलित अशी मूल्यमापनाची दोन अंगे ठरवून दिली. शिकणे चालू असताना घ्यायचा तो अंदाज आकारिक आणि सत्राअखेरीचा हिशोब संकलित. कल्पना उत्तम होती. व्यवहारात मात्र पुष्कळ ठिकाणी आकारिक मूल्यमापन म्हणजे नोंदवह्या भरणे होऊन बसले. बाजारात मिळणाऱ्या तयार वर्णनात्मक नोंदी मुलांच्या नावांपुढे उतरवल्या जाऊ लागल्या. त्या मृत झालेल्या कल्पनेत पुन्हा जीव ओतण्याचे सामर्थ्य या साध्या साधनात आहे. यासाठीच त्याला झिडकारणे चुकीचे ठरेल.

यंत्राला जे दिसत नाही

तथापि यंत्राने तपासता यावे म्हणून प्रश्नाने किती लहान व्हायचे, याला मर्यादा हवी. पर्यायी प्रश्नाचा इतिहास येथे उद्बोधक आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली यांनी १९१४-१५ च्या सुमारास वाचनाच्या चाचणीत असे प्रश्न आणले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सतरा लाखांच्या आसपास जवानांची छाननी याच धर्तीच्या चाचण्यांनी केली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आयबीएम कंपनीने पेन्सिलीच्या खुणा वाचणारे यंत्र बाजारात आणले. झटपट वर्गवारी करणे ही या साऱ्यामागची निकड होती. जी पद्धत माणसे निवडण्यासाठी आणि वगळण्यासाठी वाढली, ती शिकवण्यासाठी वापरायची तर तिची मूळ प्रवृत्ती ध्यानात ठेवूनच वापरली पाहिजे.

अंदाजपंचे उत्तरांचेच पाहा. चार पर्यायांच्या दहा प्रश्नांची चाचणी पन्नास मुलांनी प्रश्न न वाचताच सोडवली, तरी त्यांतील सरासरी चार मुलांना पाच किंवा अधिक गुण मिळतील, असे संभाव्यतेचे गणित सांगते. वीस-पंचवीस मुलांचा कल कोठे आहे हे पाहण्यासाठी ही चाचणी पुरेशी आहे. एका मुलाच्या प्रगतिपुस्तकावर शिक्का मारण्यासाठी ती पुरेशी नाही.

पर्याय काढून टाकले आणि उत्तर लिहायला सांगितले, तर दुसरी अडचण उभी राहते. गूगल फॉर्म लघुउत्तर तपासतो ते शिक्षकाने भरून ठेवलेल्या उत्तराशी अक्षरे जुळवून. त्याला अर्थ कळत नाही. ‘शिवनेरी’ हे उत्तर असताना मुलाने ‘शिवनेरी किल्ला’ असे लिहिले की गुण गेला. शिक्षकाने ‘१२’ भरले आणि मुलाने इंग्रजी अंकांत बारा लिहिले की गुण गेला. ऱ्हस्व-दीर्घ चुकले, अनुस्वार राहिला, की विज्ञानाचे बरोबर उत्तर चूक ठरले. घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या विदर्भातील मुलाने तसेच लिहिले, तर यंत्राच्या लेखी त्याला प्रश्नच समजलेला नाही. कागद तपासणारा समंजस शिक्षक अशा उत्तरापुढे बरोबरची खूण करतो आणि बाजूला शुद्ध रूप लिहून देतो. प्रमाण भाषा घरातूनच मिळालेल्या मुलाला या अक्षरजुळणीची झळ लागत नाही. ती लागते पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला, आदिवासी पाड्यावरच्या मुलीला, ऊसतोडीच्या मोसमात गाव सोडणाऱ्या कुटुंबातील मुलाला. उच्चनीचतेचा हा जुना व्यवहार येथे कोणाच्याही मनात दुष्ट हेतू नसताना, केवळ तपासणीच्या सोयीपोटी, चालू राहतो.

खेळासारख्या चाचण्यांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. २०१३ मध्ये नॉर्वेत सुरू झालेल्या ‘कहूत’सारख्या साधनांत लवकर उत्तर देणाऱ्याला अधिक गुण मिळतात आणि पडद्यावर अव्वल ठरलेल्यांची नावे झळकतात. मुलांना मौज वाटते, वर्ग जागा होतो, हे खरे. परंतु विचार करून उत्तर देणारे मूल येथे मागे पडते आणि ज्याच्या मोबाईलला पुरेसे नेटवर्क मिळत नाही तेही मागे पडते. उजळणीचा खेळ म्हणून महिन्यातून एकदा हे ठीक आहे. त्यातून कोणाची हुशारी मोजू नये.

आणखी एक शैक्षणिक अनुभव येथे नमूद करण्याजोगा आहे. रूथ बटलर यांनी इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना केवळ गुण दिले, काहींना केवळ लेखी शेरा, तर काहींना दोन्ही. केवळ शेरा मिळालेल्या मुलांची गोडी आणि कामगिरी सुधारली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा तसा लाभ झाला नाही. गुण दिसला की मूल शेरा वाचत नाही, हे आपल्याकडील कोणताही शिक्षक सांगेल. गूगल फॉर्ममध्ये गुण लगेच न दाखवता शिक्षकाने पाहिल्यानंतर दाखवण्याची सोय आहे. चुकलेल्या प्रत्येक उत्तराखाली ‘पान अमुक पुन्हा पाहा, अशी आकृती काढून पाहा’ असे लिहिण्याचीही सोय आहे. या सोयी न वापरता केवळ ‘१० पैकी ४’ असा आकडा मुलापुढे फेकणे म्हणजे साधनाचा सकस भाग टाकून टरफल खाणे होय.

मोबाईल कोणाच्या हाती?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ साली, ग्रामीण भागातील सुमारे १५ टक्के आणि शहरी भागातील ४२ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली होती. त्यानंतर परिस्थिती झपाट्याने बदलली. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता त्यांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले आणि पुढेही ते वाढतच राहिले. हे आकडे पुढे करून आता प्रश्न सुटला, असे सांगितले जाते. परंतु घरात मोबाईल असणे आणि तो मुलाच्या हाती येणे या दोन गोष्टींत अंतर आहे. ‘असर’च्याच २०२१ च्या पाहणीत घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक मुलांना तो अभ्यासासाठी मिळत नव्हता. बापाबरोबर कामावर गेलेला मोबाईल रात्री आठला घरी येतो. मग तो आधी भावाला मिळतो आणि बहिणीचा स्वयंपाकघरातील वाटा संपेपर्यंत चाचणीची मुदत संपलेली असते. यंत्र तिच्या नावापुढे रिकामा रकाना दाखवते. त्या रिकाम्या रकान्याचा अर्थ ‘अभ्यास केला नाही’ असा लावला जातो.

जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना, रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांचे शिक्षण पोसले जाते, असा आक्षेप घेतला होता. सोयीचे वाटप आजही त्याच दिशेने घरंगळते. म्हणून घरी सोडवायच्या ऑनलाईन चाचणीचे गुण कोणत्याही निकालात धरू नयेत, हा नियम शाळेने स्वतःला घालून घेतला पाहिजे.

मुलांच्या हाती मोबाईल नसतानाही या साधनांचा लाभ घेता येतो. ‘प्लिकर्स’ या साधनात प्रत्येक मुलाकडे ठशाची एक कागदी पट्टी असते. ती ज्या बाजूने उभी धरावी त्यानुसार अ, ब, क, ड असे उत्तर ठरते आणि शिक्षक आपल्या एकाच मोबाईलने साऱ्या वर्गाची उत्तरे टिपतो. तेही नसेल तर पाटी आहेच. ‘एक, दोन, तीन’ म्हणताच चाळीस मुलांनी पाट्या उंच धरल्या की वर्गाचा कल पाहायला विजेचीही गरज लागत नाही. प्रश्न चांगला हवा. बाकी साधने दुय्यम आहेत.

वाचलेले तास गेले कोठे?

यंत्राने श्रम वाचवले की वाचलेल्या श्रमांचे फळ कोणाला मिळते, हा प्रश्न कामगार चळवळ प्रथमपासून विचारत आली आहे. शाळेतही तो विचारण्याची वेळ आली आहे. शिक्षकाचे साडेसात तास वाचले. ते मागे पडलेल्या दहा मुलांना जवळ घेऊन शिकवण्यात गेले असते, तर आपण यंत्राचे आभार मानले असते. प्रत्यक्षात त्या तासांवर कचेरीने हात टाकला. ज्या गूगल फॉर्मने शिक्षक मुलांची चाचणी घेतो, त्याच फॉर्मने कचेरी शिक्षकाकडून माहिती उकळते. सकाळी लिंक येते, ‘दुपारी बारापूर्वी भरावी’ असा आदेश असतो आणि मागच्या आठवड्यात दिलेलीच माहिती नव्या रकान्यांत पुन्हा मागितलेली असते. ‘सरल’, ‘यू-डायस’ यांचे काम आहेच. २०२३-२४ पासून शासकीय चाचण्यांचे गुण ‘विद्या समीक्षा केंद्रा’च्या चॅटबॉटवर भरण्याची भर त्यात पडली. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही शिक्षकांची मागणी आळसातून निघालेली नाही. ती शिक्षकाच्या धंद्याचा स्वाभिमान बोलून दाखवते.

शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. लिंक भरणे हे शैक्षणिक कामच आहे, असा युक्तिवाद कचेरी करील. त्यावर एकच कसोटी लावावी: भरलेल्या माहितीतून त्या शाळेला, त्या वर्गाला परत काय मिळाले? काहीच मिळत नसेल, तर ते काम शिक्षणाचे नव्हे.

यात आणखी एक धोका आहे. वर्गातील रोजच्या चाचणीचे गुण वरिष्ठांकडे जाऊ लागले की शिक्षक सोपे प्रश्न घालू लागतो आणि उत्तरे आधी सांगू लागतो. चुका शोधण्यासाठी काढलेली चाचणी चुका लपवण्यासाठी वापरली जाते. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात परीक्षांच्या वर्चस्वाविषयी जी चिंता व्यक्त केली होती, ती दर आठवड्याच्या ऑनलाईन परीक्षेने दूर होणार नाही; उलट अधिक घट्ट होईल.

फुकटाचे मोल

ऑगस्ट २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने गूगल कंपनीशी भागीदारी जाहीर केली. अडचणीच्या काळात शाळांना फुकट साधने मिळाली, याबद्दल तक्रार नाही. परंतु फुकट मिळालेल्या जागेवर घर बांधताना जागा कोणाच्या मालकीची आहे हे पाहावे लागते. शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण देणाऱ्या याच कंपनीने २०२१ मध्ये धोरण बदलले आणि २०२२ पासून संस्थेमागे शंभर टेराबाईटची मर्यादा घातली. लहान शाळेला त्याची झळ लागली नसेल. पण अटी ठरवण्याची सत्ता कोणाकडे आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

मुलांच्या माहितीचा प्रश्न याहून गंभीर आहे. कोणते मूल कोठे चुकते, किती वेळ लावते, कोणत्या वेळी अभ्यासाला बसते, ही त्याच्या बालपणाची अंतरंग नोंद आहे. ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने मे २०२२ मध्ये ४९ देशांतील १६४ शैक्षणिक साधनांचा तपास प्रसिद्ध केला. त्यांतील बहुसंख्य साधने मुलांच्या माहितीबाबत बेफिकीर आढळली. आपल्या शासनाचे ‘दीक्षा’ हे ॲपही त्या यादीत होते. म्हणजे शासकीय मालकी ही आपोआप सुरक्षितता ठरत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून पालकांच्या संमतीची अट घातली, हे योग्यच झाले. परंतु ज्या पालकाला कशाला संमती द्यायची हे कोणी सांगतच नाही, त्याची संमती म्हणजे कोऱ्या कागदावरचा अंगठा.

दुसरा मार्ग अशक्य नाही. केरळने २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू केला, पुढे शाळांतील संगणक मुक्त आज्ञावलीवर आणले आणि शिक्षकांनाच त्यांचे प्रशिक्षण दिले. २०१७ पासून ‘काइट’ ही शासकीय संस्था ते काम पाहते. चाचण्या घेण्याची सोय असलेली ‘मूडल’ ही मुक्त आज्ञावली २००२ पासून उपलब्ध आहे. ती सांभाळायला माणसे लागतात, हे मान्य. प्रत्येक शाळेने ती माणसे कोठून आणावीत? पण जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी आपल्या जिल्ह्यासाठी हे काम अंगावर घेतले, तर चाचण्यांची विदा जिल्ह्यातच राहील आणि शिक्षकांनी रचलेले चांगले प्रश्न साऱ्यांच्या मालकीचे होतील.

आपण काय करावे?

हा विषय केवळ शिक्षकांवर सोपवून कार्यकर्त्यांना स्वस्थ बसता येणार नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. कित्येक गावांत ही समिती सह्यांपुरती उरली आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी तेथे जावे आणि चार मागण्या समितीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्याव्यात. ऑनलाईन चाचणी शाळेच्या वेळेत, वर्गातच घ्यावी आणि घरच्या चाचणीचे गुण कोठेही धरू नयेत. चाचणीत मुलाचा केवळ हजेरी क्रमांक मागावा. जात, आधार क्रमांक, पालकांचा मोबाईल यांतील काहीही मागू नये आणि सत्र संपताच नोंदी पुसून टाकाव्यात. यंत्राने चूक ठरवलेले प्रत्येक लेखी उत्तर शिक्षकाने स्वतः एकदा वाचावे. वर्गातील आकारिक चाचणीचे गुण वरिष्ठ कचेरीने मागू नयेत.

शिक्षक संघटनांनीही आपल्या मागणीपत्रात वेतन आणि बदल्यांच्या जोडीला हा मुद्दा घ्यावा. वाचलेला वेळ शिक्षकाचा आणि मागे राहिलेल्या मुलांचा आहे, त्यावर कचेरीचा हक्क नाही, असे ठणकावून सांगणारी संघटना पालकांनाही आपली वाटेल. अर्थात त्याबरोबर तो वेळ खरोखरच त्या मुलांना देण्याची जबाबदारी संघटनेने घेतली पाहिजे. नाहीतर मागणीतील नैतिक बळ ओसरेल.

यंत्राविषयी भक्ती नको आणि वैरही नको. चूक-बरोबरच्या खुणा करण्याचे कंटाळवाणे काम यंत्राने करावे. मुलाचे चुकलेले उत्तर हाती घेऊन, हे असे त्याला का वाटले असावे, याचा विचार करण्याचे काम माणसाचे आहे, आणि त्या कामासाठी समाजाने शिक्षकाला वेळ द्यायचा आहे. तो वेळ मिळाला तर दहा प्रश्नांचा साधा फॉर्मही गरिबाच्या मुलाच्या कामी येईल. न मिळाला तर त्याच्या अपयशाची नोंद तेवढी अधिक झटपट होईल.